हास्य-करुणाचा रसविरोध आणि ‘मॅश’ : एका दूरचित्रवाणी मालिकेचा विचार

करुण आणि हास्य हे परस्परविरोधी रस होत, असे साहित्यदर्पणकार विश्वनाथाने स्पष्टपणे नोंदविले आहे. हास्याला भयानक आणि करुण हे रस प्रतिकूल, तर करुणाला हास्य आणि शृंगार प्रतिकूल, अशी त्याची मांडणी आहे. पदव्युत्तर वर्गात रसविरोधाचे प्रकरण शिकविताना येथे हमखास एक शंका उपस्थित होते. आधुनिक साहित्यात वाचकाला हसविता हसविता अंतर्मुख करणे हा गुण मानला जातो. मग हा विरोध कालबाह्य झाला आहे काय? या शंकेला आपण बहुधा ‘शोकात्म सुखात्मिका’ अशा एखाद्या जोडनावाचा आधार घेऊन उत्तर देतो. परंतु नाव दिल्याने प्रश्न सुटत नाही. दोन विरोधी भाव एका कलाकृतीत नेमके कोणत्या व्यवस्थेने एकत्र नांदतात, आणि ती व्यवस्था कोठे मोडते, हे पाहिल्याखेरीज रसविरोधाचा सिद्धान्त टिकाऊ आहे की नाही हे ठरविता येणार नाही. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘मॅश’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका उदाहरण म्हणून घेतली आहे.

साहित्याच्या नियतकालिकात दूरचित्रवाणी मालिकेचा विचार काहींना अप्रस्तुत वाटेल. पण रसचर्चेचे मूळ क्षेत्र दृश्यकाव्य हेच होते, हे विसरून चालणार नाही. शिवाय या मालिकेची संहिता लिहिणारी मंडळी पक्की नाट्यलेखक होती. तिचा घाट घडविणारा लॅरी गेलबार्ट हा १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टु द फोरम’ या संगीतिकेचा सहलेखक; प्लॉटस या रोमन नाटककाराच्या प्रहसनांवर ती आधारलेली होती. तेव्हा प्रहसनाच्या जुन्या परंपरेशी या मालिकेचे नाते दूरचे नाही.

संहितेचा प्रवास

कोरियन युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झाले आणि २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधीने थांबले. या युद्धात अमेरिकन लष्कराने आघाडीपासून जवळच, तंबूंमध्ये चालणारी फिरती शस्त्रक्रिया रुग्णालये मोठ्या प्रमाणावर वापरली. ‘मोबाइल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘मॅश’ हा शब्द रूढ झाला. जखमी सैनिकाला हेलिकॉप्टरने थेट शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत आणण्याची सोय, रक्तपुरवठ्याची व्यवस्था आणि फाटलेल्या रक्तवाहिन्या सांधण्याचे तंत्र यांमुळे रुग्णालयात पोहोचलेल्या जखमींचे मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या महायुद्धाच्या मानाने बरेच घटले. हा तपशील केवळ वैद्यकीय इतिहासाचा नाही. मालिकेतील डॉक्टरांपुढचा पेच याच यशातून निर्माण होतो. जो सैनिक ते वाचवितात तो बरा होऊन पुन्हा आघाडीवर जातो.

अशाच एका रुग्णालयात काम केलेल्या रिचर्ड हॉर्नबर्गर या शल्यचिकित्सकाने पत्रकार डब्ल्यू. सी. हाइन्झ याच्या साहाय्याने एक कादंबरी लिहिली आणि ‘रिचर्ड हूकर’ या टोपणनावाने ती १९६८ साली प्रसिद्ध केली. १९७० साली रॉबर्ट ऑल्टमनने तिच्यावर चित्रपट केला. पटकथाकार रिंग लार्डनर ज्युनियर हा हॉलिवुडच्या काळ्या यादीत अडकून तुरुंगवास भोगलेला लेखक. या पटकथेबद्दल त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. १७ सप्टेंबर १९७२ रोजी सीबीएस वाहिनीवर मालिका सुरू झाली आणि २८ फेब्रुवारी १९८३ रोजी ती संपली. तीन वर्षांच्या युद्धावरची ही मालिका अकरा वर्षे चालली.

या तीन रूपांतील सूर एक नाही. कादंबरीतील विनोद हा शाळकरी खोडसाळपणाच्या जातीचा आहे. युद्धाविषयी तिला फारसे काही म्हणायचे नाही. चित्रपटात तोच विनोद क्रूर होतो. मालिकेत मात्र त्याला युद्धविरोधी आशय लाभला, आणि तो मूळ लेखकाला रुचला नाही. चित्रपटाच्या शीर्षकगीतात आत्महत्येविषयीचे शब्द होते. मालिकेने ते गाळून जॉनी मँडेलची केवळ धून ठेवली. शब्द गेल्यावर ती धून अधिक उदास वाटते, असे माझे मत आहे.

१९७२ साली व्हिएतनाममधले युद्ध चालू होते, म्हणून कोरियाचे निमित्त करून ही मालिका व्हिएतनामविषयी बोलत होती, असे सर्रास म्हटले जाते. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. सायगाव ३० एप्रिल १९७५ रोजी पडले आणि मालिका त्यानंतर सुमारे आठ वर्षे चालली. केवळ अन्योक्ती असती तर तिचे प्रयोजन तेथेच संपले असते. कालाच्या बाबतीत तर ही संहिता उघडउघड बेफिकीर आहे. कर्नल पॉटर १९७५ सालच्या ज्या भागात रुजू होतो त्यात कथेतील तारीख सप्टेंबर १९५२ ची आहे. पुढे १९८० सालच्या ‘अ वॉर फॉर ऑल सीझन्स’ या भागात तोच पॉटर १९५१ चे संपूर्ण वर्ष छावणीत घालविताना दिसतो. याला लेखकांची ढिलाई म्हणता येईल. परंतु परिणाम असा होतो की, प्रेक्षकाला हे युद्ध संपतच नाही असे वाटू लागते, आणि छावणीतील माणसांचाही अनुभव तोच आहे.

विरोधाचा परिहार : तीन मार्ग

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात रसविरोध मान्य केला, पण त्याच्या परिहाराचे मार्गही सांगितले. विरोधी रसांचा आश्रय एकच असल्याने विरोध येत असेल तर त्यांना भिन्न आश्रय द्यावेत. वीर नायकाच्या ठायी असेल तर भयानक प्रतिनायकाच्या ठायी दाखवावा. विरोध लागोपाठ येण्यामुळे उत्पन्न होत असेल तर दोहोंच्या मध्ये दोघांशीही जुळणारा तिसरा रस घालावा. ‘नागानंदा’त शान्त आणि शृंगार यांच्या मध्ये अद्भुत येतो, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. शिवाय विरोधी रस केवळ स्मरणाचा विषय असेल, तर तो प्रधान रसाला मारक न ठरता पोषक ठरतो, हे मम्मटाने नोंदविले आहे. रणभूमीवर पडलेला भूरिश्रव्याचा तुटलेला हात पाहून त्याच्या पत्नीला त्या हाताने पूर्वी केलेल्या शृंगारलीला आठवतात. तेथे आठवलेला शृंगार करुणाला गडद करतो. हे उदाहरण युद्धाचेच आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सूचक आहे.

आता मालिकेची रोजची रचना पाहू. पहिल्या काही वर्षांतील भाग साधारणपणे दोन स्थळांमध्ये विभागलेला असतो. एक, ‘स्वाम्प’ म्हणजे दलदल असे नाव दिलेला डॉक्टरांचा तंबू. तेथे घरगुती भट्टीवर दारू गाळली जाते, फ्रँक बर्न्स या नियमनिष्ठ पण सुमार शल्यचिकित्सकाची रेवडी उडविली जाते, लष्करी शिस्तीचे विडंबन चालते. दुसरे स्थळ शस्त्रक्रियागृह. तंबूत हास्याचा आश्रय डॉक्टर आहे. शस्त्रक्रियागृहात करुणाचा आश्रय मेजावरचा सैनिक आहे. हॉकाय पिअर्स हा नायक शस्त्रक्रिया करतानाही कोट्या करतो, पण तेथे त्याचे हास्य रुग्णाच्या वेदनेवर पडत नाही. ते स्वतःच्या थकव्यावर, लष्करावर, युद्धावर पडते. हा सरळसरळ आश्रयभेद आहे.

दुसरा मार्ग अधिक कुतूहलजनक आहे. तंबूतील हास्यविनोद ऐन रंगात आला असताना ध्वनिक्षेपकावरून जखमी येत असल्याची घोषणा होते, किंवा रडार ओ’रायली या कारकुनाला हेलिकॉप्टरची चाहूल इतरांच्या आधी लागते. (त्याचे ‘रडार’ हे नाव त्यावरूनच पडले.) मग सारी छावणी धावत सुटते. मालिकेच्या शीर्षकदृश्यात हेच आहे : डोंगरावरून येणारी हेलिकॉप्टरे आणि त्यांच्याकडे धावणाऱ्या परिचारिका. या धावण्यातला स्थायी भाव कोणता? तो शोक नव्हे, भयही नव्हे. तो उत्साह आहे, आणि उत्साह हा वीराचा स्थायी. विश्वनाथाच्या विरोधसूचीत वीराचे वैर भयानक आणि शान्त यांच्याशी आहे. हास्याशी किंवा करुणाशी नाही. म्हणजे तंबूतील हास्य आणि मेजावरचे करुण यांच्या मध्ये ही मालिका दर आठवड्याला वीररसाचा एक लहानसा पूल टाकते. हा वीर शस्त्र चालविणाऱ्याचा नाही, कामाला लागणाऱ्याचा आहे. गेलबार्टने ‘ध्वन्यालोक’ वाचला होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. नाटकी कौशल्याला जे अनुभवाने सापडते त्याचेच शास्त्र आनंदवर्धनाने सांगितले, एवढाच याचा अर्थ.

मराठी वाचकाला या ठिकाणी ‘एकच प्याला’ आठवल्याशिवाय राहणार नाही. तळीरामाच्या मंडळाचे प्रवेश आणि सुधाकर-सिंधूची शोकांतिका यांचा सांधा नीट बसला आहे काय, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. तेथे गडकऱ्यांनी प्रवेशांची आलटून-पालटून योजना केली. दोन रसांमधला पूल मात्र बहुधा दारू या विषयापुरताच राहिला. ‘मॅश’मध्ये पूल कृतीचा आहे. यातून एक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ असे ठरविण्याचे कारण नाही; माध्यमे वेगळी आहेत आणि दूरचित्रवाणीला दर आठवड्याच्या पुनरावृत्तीचा फायदा मिळतो.

ध्वनिमुद्रित हसू

या व्यवस्थेला बाहेरून एक उपद्रव होता. अमेरिकन विनोदी मालिकांमध्ये १९५० च्या दशकापासून ध्वनिमुद्रित हसू मिसळण्याची प्रथा होती. चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने त्यासाठी एक खास यंत्रच तयार केले होते. प्रेक्षकांसमोर न होणाऱ्या चित्रणातही विनोदानंतर अदृश्य समुदाय हसल्याचे ऐकू येई. गेलबार्ट आणि निर्माता जीन रेनॉल्ड्स यांना हे हसू नको होते. वाहिनीचा आग्रह होता की, त्यावाचून हा विनोद आहे हे लोकांना कळणार नाही. अखेर तडजोड झाली : शस्त्रक्रियागृहात हसू वाजवायचे नाही.

ही तडजोड व्यापारी वाटाघाटीतून निघाली असली तरी तिचे परिणाम काव्यशास्त्रीय आहेत. आपल्या शास्त्राने रसास्वाद घेणाऱ्याला ‘सामाजिक’ म्हटले. ध्वनिमुद्रित हसू म्हणजे कलाकृतीच्या आतच बसविलेला एक भाडोत्री सामाजिक होय. त्याला हृदय नाही. केव्हा हसायचे हे त्याला दुसरा सांगतो. खरा प्रेक्षक त्याच्या हसण्याला प्रतिसाद देतो, मूळ प्रसंगाला नव्हे. तंबूच्या प्रसंगात या उसन्या सामाजिकाची सोबत असते. शस्त्रक्रियागृहाचे दार ओलांडले की तो बाहेर राहतो. प्रेक्षकाला तेथे अचानक आपण एकटे असल्याचे जाणवते. हॉकाय तीच कोटी तंबूत करतो तेव्हा ती विनोद असते. तीच रक्ताळलेल्या हातांनी करतो तेव्हा तिच्यामागे शांतता असते, आणि त्या शांततेत ती कोटी म्हणजे न कोसळण्यासाठी धरलेला आधार आहे हे कळते. मौन हे येथे व्यंजक झाले आहे.

१९७४ सालचा ‘ओ. आर.’ हा भाग आरंभापासून शस्त्रक्रियागृहात घडतो, म्हणून त्यात हे हसू नाही. पुढे ‘द इंटरव्ह्यू’ (१९७६), ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ (१९७८) अशा वेगळ्या रचनेच्या भागांतून ते पूर्णपणे काढले गेले. ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’मध्ये कॅमेरा हाच घशाला जखम झालेला, बोलू न शकणारा सैनिक आहे, प्रेक्षकाला त्याच्या डोळ्यांनीच छावणी दिसते. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका दाखविली ती बहुतांशी या हसण्याशिवाय. नंतर निघालेल्या चकत्यांवर दोन्ही ध्वनिपट उपलब्ध झाले. वर्गात हा विषय शिकविणाऱ्याने एकच भाग दोन्ही प्रकारे दाखवावा. पाठभेदाचा आस्वादावर काय परिणाम होतो हे समजावण्यासाठी इतके सोपे साधन दुसरे नाही. माझ्या मते हसण्याविना पाहिलेले सुरुवातीचे भाग अधिक चांगले वाटत नाहीत, ते अधिक कडू वाटतात. काही कोट्या तर उघड्या पडतात.

आश्रय सरकू लागतो

डॉक्टर हा हास्याचा आणि रुग्ण हा करुणाचा आश्रय, ही वाटणी टिकणारी नव्हती. पहिला तडा पहिल्याच वर्षी, १९७३ सालच्या ‘समटाइम्स यू हिअर द बुलेट’ या भागात गेला. हॉकायचा बालमित्र टॉमी गिलिस हा लेखक आहे. सामान्य सैनिकाच्या नजरेतून पुस्तक लिहिता यावे म्हणून तो स्वतः आघाडीवर गेला आहे. मरणाऱ्याला गोळी ऐकू येत नाही, या अर्थाचे नाव त्याने पुस्तकाला योजले आहे. पूर्वार्धात दोन मित्रांची मस्करी, उत्तरार्धात तोच मित्र मेजावर. गोळी ऐकू आली, असे तो सांगतो, आणि हॉकायच्या हाताखाली मरतो. हॉकाय रडतो. प्रमुख हेन्री ब्लेक त्याला समजावतो की, युद्धाचा पहिला नियम तरुण माणसे मरतात हा आहे, आणि डॉक्टर तो नियम बदलू शकत नाही हा दुसरा. सांत्वन करणारा हेन्री हा मालिकेतील सर्वांत हास्यास्पद मनुष्य आहे, हे ध्यानात घ्यावे. आजवर ज्याच्यावर हसलो त्याच्याच तोंडी हे बोल घातल्याने दोन रसांचे आश्रय प्रथमच एकमेकांत मिसळतात. याच भागात वय चोरून भरती झालेल्या एका पोराला हॉकाय अधिकाऱ्यांपुढे उघडे पाडतो आणि त्याचा द्वेष ओढवून घेतो. एकाला वाचविता आले नाही म्हणून दुसऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध वाचविणे, ही त्या शोकाची कृती आहे. उत्साह आणि शोक येथे एकाच माणसात आहेत.

आणि मग हेन्री. १८ मार्च १९७५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘अ‍ॅबिसिनिया, हेन्री’ या भागात त्याची सुटका होते. निरोपाची पार्टी, नवे साधे कपडे, रडारने केलेला सलाम, हेलिकॉप्टरकडे निघालेल्या हेन्रीने परत धावत येऊन त्या पोराला मारलेली मिठी. प्रेक्षकाची समजूत होते की, नट मालिका सोडून चालला आहे म्हणून हा गोड निरोप. अखेरच्या दृश्यात शस्त्रक्रिया चालू असताना रडार आत येतो. तोंडावर फडके बांध म्हणून त्याच्यावर ओरडले जाते. तो तारेतला मजकूर वाचतो. हेन्रीचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणीही वाचले नाही. कोणी काही बोलत नाही. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकतो आणि हात कामाला लागलेलेच राहतात. संहितेचे ते शेवटचे पान बहुतेक नटांना चित्रणाच्या ऐन वेळेपर्यंत दिलेले नव्हते. चित्रणात कोणाच्या तरी हातून एक उपकरण खाली पडले, तो आवाज तसाच ठेवला गेला.

यानंतर जे येते त्याकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे वाटते. शेवटी हेन्रीचे पूर्वीच्या भागांमधले विनोदी क्षण एकामागून एक दाखविले जातात. हे मम्मटाच्या ‘स्मर्यमाण’ विरोधी रसाचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. भूरिश्रव्याच्या हाताबाबत जे शृंगाराचे, तेच येथे हास्याचे. तीन वर्षे ज्या गोष्टींवर हसलो त्याच गोष्टी, एका अक्षरानेही न बदलता, शोकाचे उद्दीपन विभाव होतात. प्रेक्षकांकडून संतापाची पत्रे आली. विनोदी मालिकेने असे करणे ही फसवणूक आहे असा त्यांचा सूर होता. हा संताप रसिकतेच्या अभावाचा द्योतक नाही. त्या पत्रलेखकांनी रसविरोधाचा नियमच आपल्या भाषेत सांगितला. निर्मात्यांचे म्हणणे असे की, युद्धात घरी निघालेली माणसेही मरतात. सहा आठवड्यांनी सायगाव पडले.

पुढच्याच वर्षी गेलबार्टने मालिका सोडली. जाण्यापूर्वी त्याने ‘द इंटरव्ह्यू’ लिहिला. वार्ताहर छावणीत येऊन एकेकाची मुलाखत घेतो, एवढेच कथानक. चित्रण कृष्णधवल, वार्ताहराच्या भूमिकेत क्लीट रॉबर्ट्स हा खराच युद्धवार्ताहर, काही उत्तरे नटांनी उत्स्फूर्तपणे दिलेली. येथे फादर मुलकेही, एरवी सौम्य विनोदाचा धनी असलेला धर्मगुरू, सांगतो की, कडाक्याच्या थंडीत डॉक्टर रुग्णाचे शरीर उघडतात तेव्हा आतून वाफ निघते आणि डॉक्टर त्या वाफेवर हात शेकतात. हे पाहिल्यावर माणूस पूर्वीचा राहील काय? कोरियात काम केलेल्या डॉक्टरांच्या कथनातून ही गोष्ट लेखकांपर्यंत आली होती. बीभत्साचा आलंबन विभाव असलेले उघडे शरीर येथे ऊब देणारे ठरते. मला या संपूर्ण मालिकेत याहून सामर्थ्यवान प्रतिमा आढळलेली नाही, आणि ती दाखविलेली नाही, केवळ सांगितलेली आहे.

शेवटचा भाग आणि एक आक्षेप

२८ फेब्रुवारी १९८३ रोजी ‘गुडबाय, फेअरवेल अँड अमेन’ हा अडीच तासांचा अखेरचा भाग प्रक्षेपित झाला. हॉकायची भूमिका करणारा अ‍ॅलन अल्डा हाच दिग्दर्शक. अमेरिकेत सुमारे साडेदहा कोटी लोकांनी तो पाहिला. भाग उघडतो तेव्हा हॉकाय मनोरुग्णालयात आहे. सिडनी फ्रीडमन हा मानसोपचारतज्ज्ञ त्याच्याकडून एक आठवण काढून घेतो. समुद्रकिनाऱ्याची सहल आटोपून सारे बसने परतत होते, वाटेत निर्वासित आणि जखमी घेतले, शत्रूची गस्त जवळ असल्याने बस अंधारात थांबली. एका बाईजवळची कोंबडी ओरडत होती. हॉकायने तिला दरडावले, आणि तिने कोंबडीचा गळा दाबला. हळूहळू आठवण उलगडते. ती कोंबडी नव्हती. ते तिचे मूल होते.

हॉकायच्या मनाने मुलाच्या जागी कोंबडी आणून बसविली, हे मानसशास्त्राच्या भाषेत दमन होय. काव्यशास्त्राच्या भाषेत पाहिले तर असे दिसते की, अकरा वर्षे हा मनुष्य जे करीत आला तेच त्याच्या मनाने आपणहून केले. असह्य गोष्टीच्या जागी हास्यास्पद गोष्ट ठेवणे ही त्याची विनोदाची रीतच होती. आश्रयभेद मोडला, हास्याचा आश्रय आणि करुणाचा आश्रय एकच मनुष्य झाला, आणि आनंदवर्धनाने सांगितल्याप्रमाणे तेथे विरोध परिहाराच्या पलीकडे गेला. फक्त भंग काव्याचा न होता पात्राचा झाला. रसविरोध हा येथे दोष राहिलेला नाही, तो कथावस्तू बनला आहे. आरंभीच्या शंकेचे उत्तर माझ्या मते येथे मिळते : विरोध कालबाह्य झाला असता तर या प्रसंगाला अर्थच उरला नसता.

याच भागात विंचेस्टर हा बोस्टनचा अभिजन शल्यचिकित्सक शरण आलेल्या चिनी वादकांना मोझार्टची क्लॅरिनेट पंचवादनाची रचना शिकवितो. कैद्यांच्या अदलाबदलीत ते जातात. त्यांच्या वाहनावर हल्ला होतो, आणि त्यांतला एक मरणोन्मुख अवस्थेत त्याच्यासमोर आणला जातो. संगीत हा ज्याचा आसरा होता तो ग्रामोफोनची तबकडी फोडतो. हीसुद्धा ‘स्मर्यमाण’ रसाचीच उलटी बाजू आहे : आता सुखच शोकाची आठवण करून देणार.

परंतु आश्रयाचा प्रश्न एकदा विचारला की तो अर्ध्यावर सोडता येत नाही. बसमधल्या प्रसंगात करुणाचा खरा आश्रय कोण? ज्या बाईने स्वतःच्या हाताने स्वतःचे मूल मारले, ती. तिला नाव नाही. भाषा नाही. प्रसंगानंतर ती कोठे गेली हे कोणी विचारीत नाही. मालिकेतील सर्वांत मोठा शोक एका कोरियन आईचा आहे, आणि संहितेने तो काढून अमेरिकन डॉक्टरच्या स्वाधीन केला आहे; आई केवळ विभाव उरली. ही गोष्ट अखेरच्या भागापुरती नाही. या युद्धात लक्षावधी कोरियन नागरिक मेले, पण मालिकेत कोरियन माणूस बहुधा नोकर, निर्वासित, भुरटा विक्रेता किंवा अनाथ मूल म्हणून येतो, आणि या भूमिका पुष्कळदा चिनी, जपानी किंवा फिलिपिनो वंशाच्या नटांनी केलेल्या आहेत. लेखकांना कोरियन लोकांविषयी सहानुभूती होती, यात शंका नाही. सहानुभूती आणि आश्रयत्व या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतीय वाचकाला हे अधिक जाणवण्यास कारण आहे. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालील भारताची ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात उतरली. तिचा एक भाग राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर आघाडीवर गेला, दुसरा तेगू येथे कोरियन सैनिक आणि नागरिक यांच्या शुश्रूषेत राहिला. मार्च १९५१ मध्ये मुन्सानच्या उडीत भारतीय डॉक्टर व मदतनीस अमेरिकन छत्रीसैनिकांबरोबर होते. युद्ध थांबल्यावर मायदेशी जाण्यास नकार देणाऱ्या कैद्यांच्या राखणीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख शं. पां. पा. थोरात हे आपल्या कोल्हापूरकडचे. त्याहीपूर्वी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले, व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट केला व भूमिकाही स्वतःच केली. त्या चित्रपटात डॉक्टर हा वीर आणि करुण या दोहोंचा आश्रय आहे आणि हास्याला कोपऱ्यातली जागा आहे. त्यामुळे रसविरोधाचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. परक्या भूमीवरचा डॉक्टर या एकाच विषयाची ही दोन टोके आहेत. शांतारामांचा कोटणीस ज्या लोकांसाठी मरतो त्यांच्यात तो लग्न करून मिसळलेला आहे. हॉकायला कोरिया अखेरपर्यंत परकाच राहतो, आणि घरी जाणे हेच त्याचे एकमेव ध्येय असते.

या नियमाला मालिकेने शेवटी एकच अपवाद केला. क्लिंगर हा शिपाई वेडा ठरून सुटका व्हावी म्हणून वर्षानुवर्षे बायकी पोशाखात वावरला. घरी जाण्याचा ध्यास त्याच्याइतका कोणालाच नव्हता. तोच सून-ली या कोरियन निर्वासित मुलीशी विवाह करतो, आणि तिचे हरवलेले आईवडील सापडेपर्यंत ती देश सोडणार नाही म्हणून एकटा मागे राहतो. इतरांना हा विनोदाचा अंतिम फेरा वाटतो, आणि तशीच त्याची मांडणीही आहे. पण त्या विनोदाच्या आत एका कोरियन मुलीचा शोक प्रथमच स्वतःच्या इच्छेसह उभा आहे. हॉकाय हेलिकॉप्टरमधून वर जातो, खाली बी. जे. हनिकटने दगड मांडून लिहिलेला निरोपाचा शब्द दिसतो आणि मालिका संपते. सून-लीच्या आईवडिलांचा शोध कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर राहतो. १९८३ साली सुरू झालेल्या ‘आफ्टरमॅश’ या उत्तरमालिकेत हे जोडपे अमेरिकेत पोहोचलेले दिसते.